धार आणि देवास : ऐकलेले व पाहिलेले

माळव्यातील धार व देवास ही नावे मराठी कानांस परकी नाहीत. शाळेच्या पुस्तकात राजा भोजाची धारानगरी भेटते, पेशवाईच्या इतिहासात धारचे व देवासचे पवार भेटतात, आणि रेडिओवर कुमार गंधर्वांचे भजन लागले की घरातील कोणी वडीलधारे माणूस "हे देवासचे बरे का" असे सांगतेच. एवढे ऐकून मनुष्य तेथे जातो तेव्हा मनात त्या गावांचे एक चित्र तयार असते. गेल्या हिवाळ्यात आम्हीही तसे चित्र मनात घेऊन सहकुटुंब निघालो. ते चित्र कोठे फिके पडले आणि कोठे अधिक उजळले, ते वाचकांस सांगावयाचे आहे. आपल्या गावांतील कुटुंबे वर्षाकाठी एखादाच लांबचा प्रवास करतात. पदरचे पैसे खर्चून गेल्यावर "येथे पाहण्यासारखे काय आहे?" असे मुलांनी विचारले, तर वडिलांपाशी काही उत्तर असावे.

मुंबईहून रात्रीची गाडी बडोदा, रतलाम, उज्जैन असे करीत सकाळी इंदुरास पोहोचते. देवास त्याच मार्गावर, इंदूरच्या अलीकडे सुमारे ३५ ते ४० किलोमीटरांवर आहे. धार इंदूरच्या पश्चिमेस सुमारे ६० किलोमीटर. तेथे मोटारीने जावे. दोन्ही गावे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीच्या पठारावर वसलेली आहेत. काळी जमीन, गहू-हरभऱ्याची शेते आणि पहाटेची कोरडी थंडी हे सर्व आपल्या किनाऱ्यावरील माणसास प्रथमदर्शनीच सुखावते.

धारेस प्रथम गेलो. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात परमार वंशातील भोजराजाची ही राजधानी. तो विद्वान होता. वास्तुविद्येवरील 'समरांगणसूत्रधार' हा ग्रंथ त्याच्या नावावर आहे. अशा राजाच्या नगरीत निदान एखादा महाल, एखादी भव्य कमान असेल, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. तसे तेथे काही नाही. भोजाच्या वाड्याचा एक चौथराही दाखवावयास नाही. भोजाचा चुलता मुंज याच्या नावाचा तलाव आहे, त्यात पाणी आहे आणि त्याच्या काठी लोक संध्याकाळी बसतात. राजाच्या वैभवातून राहिले ते एवढेच, असे मनात येऊन मनुष्य थोडा हिरमुसतो.

किल्ला लाल दगडाचा, एका लहानशा टेकडीवर आहे. ज्यांनी वसईचा कोट किंवा दौलताबाद पाहिले आहे, त्यांना तो बेताचाच वाटेल. परंतु आपल्या इतिहासाची एक ओळ येथे लिहिली गेली. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राघोबादादांच्या मागे कारभाऱ्यांच्या फौजा लागल्या, तेव्हा गरोदर आनंदीबाईंस धारच्या पवारांच्या आश्रयास ठेवण्यात आले. जानेवारी १७७५ मध्ये या किल्ल्यात दुसरा बाजीराव जन्मला. ज्याच्या हातून १८१८ साली पेशवाई गेली, तो पुण्याच्या वाड्यात न जन्मता परक्या मुलखात, आसऱ्याच्या जागी जन्मला. हे ठाऊक असले की त्या ओक्याबोक्या तटाकडे पाहण्याची दृष्टी थोडी बदलते.

गावातील दुसरी प्रसिद्ध वास्तू भोजशाळा व कमाल मौला मशीद अशा दोन नावांनी ओळखली जाते. तिच्याविषयी दोन समाजांत जुना वाद असून तो न्यायालयापर्यंत गेलेला आहे. त्यात पडण्याचे आम्हांस कारण नाही. मात्र तेथे सापडलेल्या एका शिलालेखाची हकीकत मोठी मौजेची आहे. धार संस्थानचे शिक्षणाधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांना १९०३ साली तो सापडला. त्यावर 'पारिजातमंजरी' नावाचे नाटक कोरलेले निघाले. तेराव्या शतकाच्या आरंभी अर्जुनवर्मा राजाच्या काळी त्याचा गुरू मदन याने ते रचिले. नाटक चार अंकांचे, पण मिळाले दोनच अंक. उरलेले दोन अंक असलेली शिळा आजवर कोणाच्या हाती लागलेली नाही. धारेत सर्वच अर्धे, असे म्हणावयाचा मोह येथे होतो.

परंतु धारेची खरी भेट पुढे होती, आणि तिच्याविषयी आमच्यापैकी कोणीही फारसे ऐकलेले नव्हते. माळव्याचा सुभेदार व पुढे स्वतंत्र झालेला सुलतान दिलावर खान याने १४०५ साली बांधलेल्या मशिदीस 'लाट मशीद' म्हणतात. लाट म्हणजे खांब. तेथे आवारात एका ओट्यावर लोखंडाच्या एका प्रचंड खांबाचे तीन तुकडे आडवे ठेवलेले आहेत. पहिला सुमारे सव्वाचोवीस फूट, दुसरा साडेअकरा फुटांहून किंचित अधिक, तिसरा साडेसात फूट. तिन्ही मिळून त्रेचाळीस फुटांवर भरतात, आणि वजन सुमारे सात टन. दिल्लीच्या कुतुबमिनारापाशी असलेला प्रसिद्ध लोहस्तंभ याहून पुष्कळ आखूड, चोवीस फुटांच्या आत आहे. दिल्लीचा खांब पाहावयास जग लोटते. धारेचा खांब पाहावयास त्या दिवशी आम्ही आणि दोन शाळकरी मुले एवढेच होतो.

हा खांब ओतीव नाही. त्या काळी आपल्याकडे एवढे लोखंड वितळविण्याची भट्टी नव्हती. लोखंडाचे गोळे तापवून, एकावर एक ठेवून, घणाने ठोकून ठोकून तो सांधलेला आहे. त्याच्या अंगावर जागोजागी खोबणी दिसतात. एवढे तापलेले धूड भट्टीवर फिरविण्यासाठी त्यांत पहारी घालीत असावेत, असे जाणकार सांगतात. ज्याच्या घरी लोहाराचा भाता चाललेला आहे, त्याने हे लोखंड पाहिले तर त्याचा हात आपोआप त्यावर जाईल. शेकडो पावसाळे झेलूनही त्यास गंजाने खाल्लेले नाही.

तो मोडला कसा, याची कथा जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत दिली आहे. गुजरातच्या बहादूरशहाने माळवा जिंकल्यावर हा खांब आपल्या मुलखात नेण्याचे ठरविले. उतरविताना काळजी घेतली गेली नाही आणि खांब कोसळून मोडला. जहांगीराच्याही मनात त्याचा मोठा तुकडा आग्र्यास न्यावा असे आले होते. ते घडले नाही. त्याच्या अगोदर अकबर दक्षिणेकडे जाताना १५९८ साली येथे उतरला, त्याचा लेख या लोखंडावरच कोरलेला आहे. इतक्या राजांची नजर त्यावर पडली, पण ज्यांनी तो घडविला त्या लोहारांपैकी एकाचेही नाव त्यावर नाही.

गावातील लोक मात्र वेगळेच सांगतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे ही लाट म्हणजे एका अवाढव्य तेलिणीच्या तराजूची दांडी, आणि जवळचे मोठाले दगड ही तिची वजने. "कुठे राजा भोज आणि कुठे गंगू तेली" ही म्हण आपल्या ओठांवर असते. त्या म्हणीतील तेली म्हणजे भोजाशी लढलेले दोन राजे, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. तो वाद विद्वानांकडे सोपवू. आम्हांस गंमत वाटली ती आमच्या धाकट्या भाचीच्या प्रश्नाची. सारे ऐकून ती म्हणाली, "मामा, मग राजाचे काहीच राहिले नाही, आणि तेलिणीचा तराजू राहिला?" आमच्यापाशी यावर उत्तर नव्हते.

त्याच प्रश्नाची सोबत घेऊन आम्ही दुसऱ्या दिवशी देवासास गेलो. पहिल्या बाजीरावाच्या काळी माळव्यात आलेल्या तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंनी येथे राज्य स्थापिले, आणि एका गावात दोन गाद्या झाल्या: थोरली पाती व धाकटी पाती. दोघांस पंधरा-पंधरा तोफांची सलामी. राजरस्त्याची एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची. दोन बाजूंचे दिवे व पाणीही वेगळे. भाऊबंदकीची शेते आपण पाहिली आहेत, पण भाऊबंदकीचा रस्ता कोणी पाहिला असेल! आम्ही तो मोठ्या उत्सुकतेने शोधू लागलो. आज तसे काही दिसत नाही. १९४८ साली दोन्ही संस्थाने मध्यभारतात विलीन झाली, आणि आता त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंस सारखीच दुकाने, सारखीच गर्दी आणि सारखेच दिवे आहेत. पाहुण्याची थोडी निराशा होते खरी. पण दोन्ही बाजूंच्या घरांत आता एकच पाणी येते, हे तेथील माणसांच्या दृष्टीने बरेच झाले.

इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खासगी चिटणीस म्हणून येथे राहिला, आणि १९५३ साली त्याने देवीच्या टेकडीचे नाव देऊन देवासवर पुस्तक प्रसिद्ध केले. ते वाचून येणाऱ्यास संस्थानी थाट हवा असतो. तो थाट महाराजांच्या हयातीतच ओसरला. तिजोरी रिती झाली, महाराज फ्रेंचांच्या पाँडिचेरीत जाऊन राहिले आणि १९३७ साली तेथेच वारले. आजचे देवास कारखान्यांचे गाव आहे. येथे १९७४ पासून सरकारी नोटांचा छापखाना आहे, पण तो पाहुण्यांनी पाहण्याचा नव्हे. मुलांस त्याची फार हळहळ वाटली.

टेकडी मात्र जशीच्या तशी आहे. गावाच्या मधोमध ती उभी असून वर खडकात देवीची स्थाने आहेत. हिंदू भाविकांची रीघ लागलेली असते. तिच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचे घर आहे. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेला हा गवई लहानपणीच नावारूपास आला होता. ऐन तारुण्यात क्षयाने गाठले, आणि १९४८ च्या जानेवारीत तो पत्नी भानुमतीबाईंसह देवासास आला. अपेक्षा एकच होती: माळव्याची कोरडी हवा. गाण्यास वैद्यकीय मनाई झाली. सुमारे पाच वर्षे अंथरुणात गेली. भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी करून घर चालविले. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध तेव्हा नुकतेच आले होते. त्याने गुण आला, पण एक फुप्फुस कायमचे दुबळे झाले.

त्या पडून राहण्याच्या काळात गवयाने काय केले? तो ऐकत राहिला. वाटेने जाणाऱ्या बायांची लग्नाची गाणी, शेतकऱ्यांची गाणी, नाथपंथी जोग्यांची कबिराची निर्गुणी भजने, हे सारे खिडकीतून आत येत होते. पुढे तो उठून पुन्हा गाऊ लागला, तेव्हा त्याच्या गाण्यात ही गल्ली उतरलेली होती. १९९० साली त्यास पद्मविभूषण मिळाले, आणि १९९२ साली मरण येईपर्यंत त्याने देवास सोडले नाही. हवेसाठी आला, आणि गाणे घेऊन राहिला. राजांनी ज्या गाण्यांस दरबारात बोलाविले नसते, त्या गाण्यांनी या गावाचे नाव देशभर नेले.

वेळ असल्यास याच जिल्ह्याच्या दक्षिणेस, डोंगराळ मुलखातील उदयनगरास जावे. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांस धन्य सिस्टर राणी मारिया यांचे नाव ठाऊक आहे. केरळात १९५४ साली जन्मलेली ही धर्मभगिनी १९९२ साली येथे आली आणि आदिवासी शेतकऱ्यांस सावकाराच्या पाशातून सोडविण्याच्या कामास लागली. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये तिचा खून करण्यात आला. पुढे तिच्या धाकट्या बहिणीने, जी स्वतःही धर्मभगिनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्यास राखी बांधली. तो पश्चात्ताप पावला, आणि २००६ साली सुटल्यावर केरळात तिच्या घरी गेला. तेथे आईवडिलांनी त्याला क्षमा केली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात तिला 'धन्य' म्हणून घोषित करण्यात आले. उदयनगरात तिची कबर आहे. पाहण्यास एवढेच, परंतु आमच्या घरातील मंडळी तेथे जितका वेळ गप्प बसली, तितका वेळ साऱ्या प्रवासात कोठेही बसली नाहीत.

आता आमची सूचना. धार-देवासचा प्रवास राजेरजवाड्यांसाठी करणाराने तो करू नये. त्याच पैशांत मांडूचे महाल पाहावेत, ते धारेहून ३५ किलोमीटरांवरच आहेत. ज्यास जावयाचे आहे त्याने लाट मशिदीस निदान एक तास द्यावा आणि मुलांस त्या लोखंडाभोवती फिरू द्यावे. कुमार गंधर्वांचे घर हे एका कुटुंबाचे घर आहे; ते रस्त्यावरूनच पाहावे, आणि मग संध्याकाळी टेकडीच्या पायथ्याच्या गल्लीतून सावकाश, न बोलता चालावे. कोठे जात्याचा, कोठे भजनाचा, कोठे भांड्यांचा आवाज येईल. उदयनगरास जाताना परतीच्या गाडीची वेळ अगोदर विचारून ठेवावी, कारण तेथून लवकर उठावेसे वाटत नाही. आणि घरी परतल्यावर शेजाऱ्यांनी "काय पाहिले?" असे विचारले, तर उत्तर मुलांस देऊ द्यावे. आमच्या भाचीने वाडीत पहिल्यांदा सांगितले ते तेलिणीच्या तराजूचे.