गरवायला कोठें जावें?

आमच्या चिरंजिवांच्या दिवाणखान्यांत मिनेसोटा संस्थानाचा एक मोठा नकाशा टांगलेला आहे. व्रात्य मुलानें बोरू झटकून निळ्या शाईचे शिंतोडे कागदभर उडवावे, तसा तो दुरून दिसतो. दहा एकरांहून मोठीं अशीं ११,८४२ तळीं या एका संस्थानांत आहेत. आणि तेथील मोटारींच्या पाट्यांवर मात्र ‘दहा हजार तळीं’ एवढेंच लिहिलेलें असतें. जाहिरातींत वस्तुस्थितीपेक्षां कमी सांगणारा दुसरा प्रांत आम्हांला तरी ठाऊक नाहीं. २०२३ च्या डिसेंबरांत रजा काढून आम्ही सपत्नीक तेथें गेलों, तेव्हां या नकाशापुढें रोज संध्याकाळीं एकच वाद चाले : गोठलेल्या तळ्यावर गरवायला जायचें, तें कोठें?

गरवणें हा शब्द घाटावरच्या वाचकांस कदाचित् अपरिचित असेल. गळाला, म्हणजे आमच्या भाषेंत गरीला, आमिष लावून मासा धरणें यास आम्ही वेंगुर्ल्याकडील लोक गरवणें म्हणतों. लहानपणीं सुंगटाचा तुकडा गरीला टोंचून खाडीच्या कांठीं आम्हीं पुष्कळ संध्याकाळी घालविल्या, आणि त्याबद्दल वडिलांच्या हातचा मारही पुष्कळ खाल्ला. तेथें ‘कोठें जावें’ हा प्रश्न कधीं पडलाच नाहीं. खाडी एक, धक्का एक. भरती केव्हां आहे एवढें ठाऊक असलें म्हणजे झालें.

चिरंजिवांचें म्हणणें, अपर रेड लेकवर जावें. मिनिआपोलिसच्या उत्तरेस सुमारें चारशें किलोमीटरांवर असलेलें हें तळें विस्तीर्ण, पण उथळ. उथळ म्हणून लवकर थंडावणारें, आणि म्हणून मोठ्या तळ्यांपैकीं ह्याच्यावर माणसें फार लवकर चालूं लागतात. तेथें वॉलाय नांवाचा मासा मिळतो. मांजराच्या डोळ्यांप्रमाणें याच्याही डोळ्यांत प्रकाश परतविणारा पडदा असतो. त्यामुळें तिन्हीसांजेच्या अंधुक उजेडांत त्याला भक्ष्य दिसतें आणि भक्ष्याला तो दिसत नाहीं. बेसुमार मासेमारीमुळें विसाव्या शतकाच्या अखेरीस हा मासा या तळ्यांतून जवळजवळ नाहींसा झाला होता. १९९९ मध्यें ओजिब्वे लोकांची रेड लेक जमात आणि सरकार यांनीं करार केला, पिल्लें सोडलीं, आणि पुढें सात वर्षें हात आंवरला. २००६ मध्यें वॉलायसाठीं गळ पुन्हां पाण्यांत पडला. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यांतील दोन महिन्यांची बंदीसुद्धां ज्यांच्यानें पाळवत नाहीं, त्यांना ही हकीकत कोणी तरी वाचून दाखवावी.

सूनबाईंचा कौल मिल लॅक्सला होता. दोनशें चौरस मैलांचें तें तळें घरापासून दोन तासांच्या आंत. शिवाय तेथें बर्फावर नेऊन ठेवलेल्या खोपी भाड्यानें मिळतात, आणि खोपींत शेगडी असते. सूनबाईंचा विचार आम्हांस मनापासून पटला; विशेषतः शेगडीचा.

या वादांत शेजारचे एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ येऊन बसत, तेही नकाशाकडे पाठ करून. ते म्हणत, “तळें कोणतें हें मागाहून पाहूं, बर्फ किती आणि कसला, तें आधीं सांगा.” नितळ, काळसर बर्फ चार इंच असला तर माणसाला पेलतो, लहान मोटारीला नऊ-दहा इंच लागतो, हिमवर्षावाचें पाणी मुरून झालेला पांढरट बर्फ निम्म्याच ताकदीचा. चार अंशांवर पाणी सर्वांत जड होऊन तळाशीं जातें आणि त्याहून थंड पाणी वर राहून गोठतें, म्हणून तर खालीं मासे जगतात, हें आम्ही शाळेंत घोकलें होतें. पण त्या वरच्या पापुद्र्यावर आपल्याला उभें राहावें लागेल, ही कल्पना घोकतांना नव्हती. त्यांतून तो डिसेंबर मिनिआपोलिसच्या नोंदींतला सर्वांत उबदार डिसेंबर ठरला. नाताळच्या दिवशीं तर चक्क पाऊस पडला.

तरी चिरंजिवांनीं २९ डिसेंबरची रजा मागून घेतली होती. रेड लेकवर आठवडाभर लोक जात आहेत, मासे मिळत आहेत, असें त्यांचे मित्र सांगत होते. आम्हीं साफ नकार दिला. त्यावर ते शांतपणें म्हणाले, “बाबा, खाडीच्या गोष्टी तुम्ही मला शंभरदां सांगितल्यात, पण खाडीवर एकदांही नेलें नाहींत.” हें अक्षरशः खरें होतें. आमची नोकरी पुण्यास, मे महिना उत्तरपत्रिका तपासण्यांत जाई, आणि गांवीं गेलों तरी चार दिवसांचे पाहुणे. उत्तर कांहींच सुचलें नाहीं, म्हणून आम्ही आवाज चढविला. बेत रद्द झाला. पुढचे दोन दिवस त्या घरांत ‘मीठ द्या’ आणि ‘दिवा मालवूं का’ यांपलीकडे संभाषण झालें नाहीं.

शुक्रवारीं, म्हणजे त्याच २९ तारखेस, रात्रीं बातमी आली. अपर रेड लेकवर वाऱ्यानें बर्फाचा प्रचंड तुकडा कांठापासून तुटला आणि वरच्या माणसांसह आंत वाहूं लागला. १२२ माणसें अडकलीं होतीं. रात्रीं तीं सारीं सुखरूप बाहेर काढलीं गेलीं. चिरंजीव बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग उठून त्यांनीं चहा केला, आणि पहिला पेला आमच्यापुढें ठेवून म्हणाले, “तुमचें बरोबर होतें.”

आम्हीं मान डोलावली. वास्तविक त्या वेळीं खरें सांगून टाकावयास हवें होतें. आमच्या नकाराचा बर्फाच्या जाडीशीं कांहीं संबंध नव्हता. चारशें किलोमीटर मोटारींत बसायचें, गुडघे दुखणार, नाक गोठणार, एवढाच आमचा विचार होता. शेजाऱ्यांची इंचांची कोष्टकें आम्हीं मागाहून त्याला चिकटविलीं. दैवयोगानें मिळालेली दूरदृष्टीची कीर्ति आम्ही तीन आठवडे बिनबोभाट उपभोगीत होतों.

जानेवारीच्या मध्यास कडाक्याची थंडी पडली. तेव्हां शेजारीबुवांनीं आपण होऊन आम्हां बापलेकांस तासाभराच्या अंतरावरील एका लहानशा तळ्यावर नेलें. त्याचें नांव कोणासही न सांगण्याच्या अटीवर त्यांनीं तें सांगितलें, सबब येथें देतां येत नाहीं. मोटार कांठावर ठेवून आम्ही चालत निघालों. बुवा पुढें, हातांत लोखंडी पहार. दर दोन पावलांवर ते ती बर्फावर आपटीत आणि कान देत. गिरमिटानें भोंक पाडलें, पट्टी घातली : आठ इंच. भोंकांतला बर्फाचा चुरा काढायला त्यांनीं पिशवींतून जें काढलें तें पाहून आम्ही थक्क झालों. तो आमच्या स्वयंपाकघरांतला झारा होता. निदान त्याचा सख्खा भाऊ. आमिष म्हणजे मधाच्या पोळ्याला लागणाऱ्या पतंगाच्या अळ्या, आणि काठी हातभर लांबीची. एकंदर सारा प्रकार भातुकलीसारखा वाटला.

पहिला तास कांहींच लागलें नाहीं. पायांखालून मधूनच गुरगुर ऐकूं येई. थंडीनें बर्फ ताणला जातो त्याचा तो आवाज, तो चांगला, असें बुवा म्हणाले. आम्हांस तो चांगला वाटला नाहीं. पण चिरंजीव शेजारीं उपड्या बादलीवर बसले होते, आणि येथून उठून जाणें आम्हां दोघांनाही शक्य नव्हतें. आम्हीं सारें सांगून टाकलें : गुडघे, नाक, शेगडी, सर्व.

ते हंसले. “ठाऊक आहे. आईनें त्याच दिवशीं सांगितलें होतें.”

“मग चहा?”

“चहा तरीही करावासा वाटला.”

इतक्यांत आमच्या काठीचें टोंक लवलें. बोटें बधिर झालीं होतीं. दोरी ओढावी कीं सोडावी हें पन्नास वर्षांत विसरलों होतों. चिरंजिवांनीं आमच्या हातावर हात ठेवला आणि ओढली. तळहाताएवढा ब्लूगिल वर आला. वॉलायपुढें अगदींच किरकोळ मासा, पण गळ्याशीं केशरी होता. अंधार पडेपर्यंत आणखी सहा मिळाले. सूनबाईंनीं ते रात्रीं तांदुळाच्या पिठांत घोळून तळले.

परततांना वाट तीच होती, आमचीं पावलें तिच्यावर उमटलेलीं स्पष्ट दिसत होतीं. तरी बुवा पहार आपटीत, कान देत, पुढें चालले होते. आणि त्यांच्या मागून आम्ही.