वाऱ्याची वाट

गेल्या चैत्रांत आमच्या डोंबिवलीच्या बिऱ्हाडीं एका नव्या पाहुण्याचें आगमन झालें. पाहुणा काळा, चौकोनी, समोरून व डाव्या अंगानें कांचेचा, आणि पोटांत सहा पंखे बाळगणारा. तो आमच्या नातवानें स्वतःच्या हातांनीं जोडलेला संगणक होता. दोन वर्षें शेजारच्या लहान मुलांच्या शिकवण्या करून त्यानें पैसे सांचविले, आणि मुंबईस ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर चार खेपा घालून एकेक भाग आणला. या रस्त्याचें अधिकृत नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असें आहे. परंतु संगणकाचे सुटे भाग घेणाऱ्यांच्या तोंडीं जुनेंच नांव बसलेलें आहे. प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, वीज पुरविणारा एसएमपीएस, अशी सारी मंडळी ज्या पेटींत नांदावयाचीं तिला हीं मुलें कॅबिनेट म्हणतात. मंत्रिमंडळाचेंहि नांव तेंच. पुढें जो प्रकार झाला तो पाहतां हें नामसादृश्य मला अगदींच निराधार वाटत नाहीं.

बारावीची परीक्षा आटोपल्यावर नातवास चलच्चित्रांच्या अभ्यासक्रमाला अर्ज करावयाचा होता. अर्जासोबत स्वतः रचलेला दोन मिनिटांचा चित्रपट मेअखेर पाठवावयाचा होता. तो तयार होत असतांना संगणकास तासन् तास पूर्ण ताकदीनें राबावें लागतें. आणि आमचा पाहुणा पाऊण तासांत मूर्च्छा येऊन पडे! प्रोसेसर त्याच्या जातीप्रमाणें ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोंचला म्हणजे आपली गति आपणच कमी करतो. तेवढ्यानेंहि भागलें नाहीं तर जीव वांचविण्यासाठीं यंत्र स्वतःस बंद करून घेतें. त्यांत आमचा वैशाख! खाडीच्या दमट हवेंत माडीवरच्या खोलीचें उष्णतामान दुपारीं ३५ अंश. खोली जितके अंश तापते, जवळजवळ तितकेच अंश यंत्राच्या उष्णतेंत भर पडते. कारण खोलींतल्या हवेहून थंड होणें कोणत्याहि पंख्याच्या हातीं नसतें.

तीन रात्रीं हा प्रकार झाला. चौथ्या रात्रीं माझे चिरंजीव मुलास म्हणाले, “तयार यंत्र घे म्हणून सांगत होतों. ज्याचें काम त्यानें करावें. घरीं नसती उठाठेव कशाला?”

नातू कांहीं बोलला नाहीं. मी मात्र दचकलों. हें वाक्य माझें होतें. १९९२ सालीं याच चिरंजीवांनीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, घरचा रेडिओ उघडला होता. आवाज खरखरतो म्हणून तो दुरुस्त करावा असा त्यांचा हेतु. मीं शाळेंतून येऊन पाहिलें तों जमिनीवर स्क्रू पसरलेले. मीं काय करावें? दोन चपराका दिल्या आणि अक्षरशः हेंच वाक्य उच्चारलें. त्यानंतर त्या मुलानें पुन्हां कधीं पेंचकस हातीं धरला नाहीं. पुढें तो चांगला शिकला, चांगल्या नोकरीस लागला. परंतु घरांतला दिवा गेला तरी तो वायरमनला बोलावतो. चौतीस वर्षांपूर्वीं बोललेलें वाक्य नातवाच्या अंगावर जाऊन पडलेलें मीं पाहिलें, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं पूजा आटोपून त्याच्या खोलींत जाऊन बसलों. संगणकाचें मला ओ कीं ठो कळत नाहीं. पण विचारणें तर हातीं होतें.

नातवाचा उपाय ठरलेला होता. “आजोबा, आणखी दोन पंखे घेतों.” मी म्हणालों, “अगोदर हिशेब करूं.” संस्कृत शिकविण्यांत जन्म गेला, तरी मॅट्रिकपुरतें गणित अजून शाबूत आहे. पूर्ण ताकदीनें चालतांना त्याचें यंत्र सुमारें ३०० वॉट वीज खातें, आणि ती सारी शेवटीं उष्णता होऊन बाहेर पडते. एक घनमीटर हवेचें वजन सुमारें १.२ किलो. एक किलो हवा एक अंशानें तापावयास सुमारें १००० ज्यूल लागतात. तेव्हां आंत आलेली हवा दहा अंशांनीं तापून बाहेर जाईल असें धरलें, तर सेकंदास २५ लिटर, म्हणजे मिनिटास दीड घनमीटर हवा पुरे. नातवानें तिचे घनफूट केले : सुमारें ५३. आणि त्याच्या १२० मिलिमीटरच्या एकेका पंख्याच्या खोक्यावर पन्नासाहून अधिक घनफुटांचा आंकडा छापलेला! जाळीपुढें व अडचणींत पंखा छापील आंकड्याइतकी हवा कधींच देत नाहीं, हें खरें. तरी दोन-तीन पंख्यांचें काम सहांना होत नाहीं, याचा अर्थ काय?

दुसरी परीक्षा त्याहून सोपी. पेटीचें कांचेचें दार काढलें आणि समोर घरचा टेबलफॅन लावला. पाऊण तास उलटला, तास झाला, यंत्र चालूच! उष्णतामान बरेंच खालीं आलेलें. म्हणजे प्रोसेसरवरचा उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा नीट बसला होता, त्याखालचा लेपहि ठीक होता. रोगी धडधाकट होता. त्याची खोली कोंदट होती.

येथें मला आमचें कल्याणचें घर आठवलें. पारनाक्याजवळच्या त्या जुन्या वाड्यांत आमचें बालपण गेलें. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, पडवी आणि परसू अशी ओळीनें रचना. उन्हाळ्याच्या दुपारीं ओटीवर निजलेलीं माणसें घामानें हैराण झालीं, कीं वडील ओटीच्या खिडकीकडे पाहतसुद्धां नसत. ते उठून परसदार उघडीत. क्षणांत माजघरांतून वारा वाहूं लागे. लहानपणीं मला याचें नवल वाटे. पुढें संस्कृत शिकतांना खिडकीस ‘वातायन’ हा शब्द भेटला आणि वडिलांचें परसदार उमगलें. वात म्हणजे वारा आणि अयन म्हणजे जाण्याचा मार्ग. भिंतीस पडलेलें भोंक म्हणजे वातायन नव्हे. वारा एकीकडून येऊन दुसरीकडून जाईल, तेव्हांच तें वातायन. मीं नातवास विचारलें, “तुझ्या पेटींत हवा शिरते कोठून?”

त्यानें बाजूच्या तीन पंख्यांकडे बोट दाखविलें. वरचे दोन व मागचा एक हवा बाहेर टाकतात, बाजूचे तीन आंत घेतात, असा त्याचा बेत. बेत निर्दोष होता. परंतु वारा डोळ्यांस दिसत नाहीं. मीं देवघरांतून उदबत्ती आणली.

पेटीचें दार पुन्हां लावलें, यंत्र सुरू केलें, आणि राख आंत पडूं नये म्हणून वीतभर दूर धरून उदबत्ती सर्वत्र फिरविली. वरच्या पंख्यांपाशीं धूर उधळून गेला, मागेंहि उधळून गेला, हें ठीकच. मग ती बाजूच्या जाळीपाशीं नेली. धूर आंत ओढला जावयास हवा होता. तो फटकन् माझ्याच तोंडावर आला! तिन्ही पंख्यांपाशीं तीच तऱ्हा. आणि मागच्या बाजूस, जेथें कार्डांच्या फटींवर पत्र्याच्या पट्ट्या असतात, तेथें धुराची बारीक रेघ सुतासारखी आंत ओढली जात होती.

सहाचे सहा पंखे हवा बाहेर टाकीत होते! आंत घेणारा एकहि नव्हता. प्राण नाहीं, केवळ अपान. अशा देहानें किती वेळ जगावें?

कारण ऐकून मला हंसूं आलें, पण मीं तें दाबलें. पंख्यास दोन बाजू असतात. ज्या अंगास पातीं मोकळीं व सुबक दिसतात, तिकडून तो हवा ओढतो. ज्या अंगास मोटार धरून ठेवणाऱ्या दांड्या आडव्या येतात, तिकडे फेंकतो. बाजूचे पंखे कांचेंतून दिसतात. त्यांचा रंगीत दिव्यांचा सुंदर चेहरा दिसावा, दांड्या दिसूं नयेत, म्हणून नातवानें तिन्ही पंख्यांची तोंडें आंत केलीं होतीं. अशा जागेसाठीं उलट्या पात्यांचे पंखे निराळे मिळतात. तें त्यास ठाऊक नव्हतें. शोभेपायीं श्वास कोंडला होता.

अशा स्थितींत पेटींत बाहेरच्यापेक्षां हवेचा दाब किंचित् कमी राहतो, आणि ती भरून काढण्यासाठीं हवा मिळेल त्या फटींतून शिरते. फटीस गाळणी नसते. म्हणून ती धुळीसकट शिरते. महिन्याभरांतच ग्राफिक्स कार्डावर करड्या धुळीची साय धरली होती. आमच्या गांवीं एकीकडे कारखाने, दुसरीकडे नित्य चालूं असलेलीं बांधकामें. धुळीस तोटा नाहीं. याउलट येणारी हवा जाणाऱ्या हवेपेक्षां किंचित् अधिक ठेविली, तर फटींतून हवा बाहेर पडते, आणि आंत येणारी प्रत्येक झुळूक जाळीच्या गाळणींतूनच येते. फाजील वायु आंत कोंडावा असा याचा अर्थ नाहीं. पारडें येणाऱ्याच्या बाजूस थोडेंसें झुकलेलें असावें, इतकेंच.

हें तत्त्व आपल्या भोंवतीं सर्वत्र आहे. नोकरीच्या काळीं डोंबिवलीहून ठाण्यास जातांना गच्च भरलेल्या लोकलमध्यें डोक्यावरचे पंखे तीच उष्ण हवा घुसळीत असत. वारा फिरे, पण बदलत नसे. २००७ सालापासून ज्या नव्या गाड्या आल्या, त्यांच्या छपरावर बाहेरची हवा आंत ढकलणारीं यंत्रें बसविलीं, तेव्हां दाराशीं जागा न मिळालेल्यासहि श्वास मिळूं लागला. ठाणें-बेलापूर रस्त्यावर ऐरोली-महापे भागांत संगणकांचीं प्रचंड कोठारें उभीं राहिलीं आहेत. अशा कोठारांत यंत्रांच्या रांगा तोंडासमोर तोंड व पाठीसमोर पाठ अशा मांडतात. तोंडांच्या गल्लींत थंड हवा सोडावयाची, पाठींच्या गल्लींतून उष्ण हवा काढून न्यावयाची, आणि दोघींची गांठ पडूं द्यावयाची नाहीं, हा तेथील कटाक्ष. वाड्याचें परसदार, गाडीचें छप्पर आणि ही कोठारें, तिन्हींचा धडा एकच.

दुसऱ्या दिवशीं रविवार होता. नातवानें पंखे फिरविण्यास घेतले. तीन बाजूचे आंतल्या दिशेनें झाले, आणि त्यांच्या कुरूप दांड्या कांचेंतून दिसूं लागल्या. त्याचें तोंड जरा उतरलें. पण त्यानें हात आवरला नाहीं. वरच्या दोहोंपैकीं पुढचा पंखा आम्हीं काढूनच टाकला. तो बाजूनें आलेली ताजी हवा प्रोसेसरपर्यंत पोंचण्याआधींच वरून पळवीत होता. उष्ण हवा वर जाते, म्हणून वर पंखे जितके अधिक तितके बरे, अशी नातवाची समजूत होती. परंतु पंख्यांच्या झोतापुढें तिची ती स्वाभाविक ओढ अगदींच दुबळी ठरते. वाट कोणी दाखवील तिकडे ती जाते. आतां तीन पंखे आंत घेणारे, मागचा एक व वरचा मागील एक असे दोन बाहेर टाकणारे. तिघांपुढें जाळी असल्यानें त्यांचा जोर थोडा मोडतो. म्हणून तीनास दोन हें प्रमाण जवळजवळ तोलाचें होऊन पारडें किंचित् आंत झुकतें. पेटी भिंतीस चिकटवून ठेविली होती, ती हातभर पुढें ओढली. नाहींतर टाकलेली उष्ण हवा भिंतीस आपटून पुन्हां आंत येते.

एक पंखा अडचणीच्या जागीं होता. एकानें तो धरावा आणि दुसऱ्यानें स्क्रू पिळावा अशी वेळ आली. माझे हात हल्लीं कांपतात. मीं हांक मारणार, तों दारांत उभे असलेले चिरंजीव न बोलतां पुढें आले, खालीं बसले, आणि नातवाच्या हातांतला पेंचकस त्यांनीं घेतला. पहिला स्क्रू निसटला. दुसरा बसला. मीं उदबत्ती लावण्याच्या निमित्तानें तोंड फिरविलें.

या खेपेस बाजूच्या जाळीपाशीं धूर सरळ आंत गेला आणि मागच्या फटीपाशीं बाहेर लोटला गेला. खोलींत तेच ३५ अंश, काम तेंच. जेथें पूर्वीं ९५ अंश होत तेथें तासाभरानें ८२ वर कांटा स्थिरावला, आणि रात्रभर तो तेथून हलला नाहीं. नवा पंखा एकहि घ्यावा लागला नाहीं. उलट एक शिल्लक राहिला. चित्रपट तीन रात्रींत तयार होऊन मुदतीपूर्वीं दोन दिवस रवाना झाला.

ज्यांच्या घरीं मुलें असे उद्योग करीत असतील त्यांस माझें इतकेंच सांगणें आहे. यंत्र तापलें तर पंखे वाढविण्यापूर्वीं दार उघडून पाहावें, आणि उदबत्तीनें वाऱ्याची वाट शोधावी. पंधरा दिवसांनीं जाळीची धूळ झाडावी. कारण चोंदलेली गाळणी म्हणजे बंद खिडकीच. आणि मुलानें एखादी वस्तु उघडलेली दिसली, तर पहिलें वाक्य जपून बोलावें. शिक्षक म्हणून मी चाळीस वर्षें बाहेर सोडण्याचेंच काम करीत आलों. आंत घेण्याची खिडकी मजपाशीं कितीशी उघडी होती, कोण जाणे.

परवां चिरंजीवांनीं सहज विचारलें, “बाबा, तो जुना रेडिओ माळ्यावर असेल का हो?” आहे. चार स्क्रू कमी आहेत; बाकी सगळा आहे.