जिप्सीची खतावणी

जुन्या वस्तूविषयी व्यापारी घरात बहुधा दोन मते असतात. जी वस्तू कमावीत नाही ती जागा अडविते, तिला वेळेवर निरोप द्यावा, हे एक मत. जिने अडचणीच्या दिवसांत साथ दिली तिला बरे दिवस येताच मोडीत काढू नये, हे दुसरे. आजरा परिसरात काजूचा व्यापार करणाऱ्या एका कुटुंबात ही दोन्ही मते एका वाहनापाशी येऊन थांबली होती. गोदामाच्या पडवीत उभी असलेली १९९८ सालची मारुती जिप्सी किंग हे ते वाहन.

जिप्सी भारतात आली ती १९८५ साली. तिचे पहिले इंजिन अवघे ९७० सीसीचे होते. १९९६ साली १२९८ सीसीचे इंजिन घेऊन ‘किंग’ आली. शिडीसारखी पोलादी चॅसी, चारही चाकांवर पाट्यांच्या कमानी आणि गरज पडेल तेव्हा चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणा, इतकीच तिची पुंजी. लष्कराने आणि पोलिसांनी तिला वर्षानुवर्षे वापरले. २०१९ साली सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री थांबली. तेव्हापासून रस्त्यावर असलेली प्रत्येक जिप्सी ही जुनीच जिप्सी आहे.

या घरातील जिप्सी अण्णांनी २००३ साली जुनीच विकत घेतली होती. त्या काळी आजऱ्याच्या पश्चिमेकडील अनेक वाड्यांना जाणारी वाट म्हणजे जांभ्याची तांबडी माती होती. मिरगाचा पाऊस लागला की ती वाट नांगरल्या शेतासारखी होई. माल बांधलेला असे, शेतकऱ्याला पैसे पोचवायचे असत आणि दिलेला शब्द पावसाचे कारण सांगून मोडता येत नसे. ते शब्द या गाडीने पाळले. पुढे वाड्यांपर्यंत डांबर पोचले, मालवाहू टेम्पो दारात येऊ लागले, आणि जिप्सी पडवीत गेली. भंगारवाल्याने दोनदा किंमत सांगितली. अण्णांनी दोनदा चहा पाजून त्याला परत पाठविले.

त्यांच्या चिरंजिवांचे वय सव्वीस. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन ते व्यवसायात आले होते. गाडी मोडीत काढू नये, याविषयी पितापुत्रांत एकमत होते. ती उभी कशी करावी, याविषयी नव्हते. मुलाला ती चिखलात, चढावर, दगडधोंड्यांत चालणारी हवी होती. त्याने कोल्हापुरातील एका कार्यशाळेतून यादी करून आणली: मोठे टायर, गाडी उंच करण्यासाठी लांब शॅकल, पुढे विंच, टपावर कॅरिअर व दिवे आणि पाण्यातून जाण्यासाठी स्नॉर्कल. अण्णांनी यादी दोनदा वाचली. नकार दिला नाही. दुकानातील एक कोरी खतावणी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “हे सगळं जमेचं पान झालं. प्रत्येकासमोर नावे काय पडतं, तेही लिही.”

मुलाने पहिली नोंद टायरची केली. गाडीचे मूळ टायर २०५/७० आर १५ मापाचे. त्यांचा व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर. यादीतील टायर २३५/७५ आर १५, व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर. म्हणजे व्यासात ६६ मिलिमीटरची वाढ. परंतु आसाखालची मोकळी जागा त्याच्या निम्म्यानेच वाढते, कारण आस चाकाच्या मध्यावर असतो. म्हणजे ३३ मिलिमीटर, सव्वा इंचाहून थोडे अधिक. ही जमा.

नावेची बाजू लांबत गेली. चाक दहा टक्क्यांनी मोठे झाले की प्रत्येक गिअर तेवढाच जड पडतो. ज्या चढावर पहिला गिअर पुरत होता तिथे इंजिन धापा टाकू लागते. स्पीडोमीटर ६० दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ६६ने धावत असते. ब्रेकला अधिक मोठे व अधिक जड चाक थांबवावे लागते. सुकाणू पूर्ण वळविले की टायर पाट्याला घासतो. मागील दारावर टांगलेल्या स्टेपनीचे वाढीव वजन त्या दाराच्या बिजागऱ्यांनी सोसायचे. सव्वा इंचाच्या जमेपुढे एवढी देणी उभी राहतील, असे त्याला वाटले नव्हते.

लांब शॅकलचा हिशेब आणखी वेगळा निघाला. त्यांनी गाडीचा बांधा वर जातो, पण डिफरन्शियलचा गोळा, जो दगडावर प्रथम आपटतो, होता तिथेच राहतो. त्याला वर नेतात ते केवळ टायर. बांधा उचलला की गुरुत्वमध्य वर जातो, उतारावर गाडी कलंडण्याचा धोका वाढतो, प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो आणि त्याच्या क्रॉस-जॉइंटवर ताण येतो.

हा हिशेब कागदावर उतरेपर्यंत एक काम मात्र होऊन गेले होते. मुलाने उत्साहाच्या भरात कार्यशाळेला आगाऊ रक्कम दिली होती आणि लांब शॅकल बसवून गाडी घरी आली होती. अंगणात ती ऐटीत उभी होती. येत्या रविवारी बहिणीच्या दोन्ही मुलांना घेऊन चंदगडमार्गे तिलारी घाट उतरून दोडामार्गला जायचा बेत ठरला होता.

शनिवारी अण्णांनी गावातील जुन्या मिस्त्रींना बोलाविले. मिस्त्रींनी गाडी चालवून पाहिली नाही. त्यांनी जॅक आसाला न लावता चॅसीला लावला आणि पुढची बाजू उचलली, जेणेकरून चाके पाट्यांवर लोंबकळती राहिली. मग मुलाला खाली वाकून बघायला सांगितले. सपाट जमिनीवर सैल दिसणारी ब्रेकची रबरी नळी आता तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणली गेली होती. गाडीची उंची वाढली होती, नळीची लांबी तेवढीच राहिली होती.

“मालक, अंगणात ही तुटणार न्हाई,” मिस्त्री म्हणाले, “घाटात चाक खड्ड्यात उतरंल तवा तुटंल.”

नळी तुटली असती तर ब्रेकचे तेल वाहून गेले असते. ब्रेकचे दोन भाग स्वतंत्र असल्यामुळे निम्मे ब्रेक उरले असते. परंतु तिलारीचा उतार तीव्र, वळणे आवळ, गाडीत दोन लहान मुले. निम्म्या ब्रेकवर तो घाट उतरण्याचा विचार कोणी बोलून दाखविला नाही. रविवारी सर्वजण एसटीने गेले. सोमवारी लांब शॅकल उतरले. त्या संध्याकाळी खतावणीत मुलाने स्वतःच्या हाताने नोंद केली: “उंची दोन बोटे जमा. ब्रेक नावे.” त्याखाली अण्णांनी काहीही लिहिले नाही. ज्या पानावर हिशेब स्वतः बोलतो तिथे शेरा मारू नये, ही त्यांची दुकानातलीही रीत होती.

यानंतर कामाचा क्रम पालटला. आधी जुनी देणी फेडायची, मग नवे भांडवल घालायचे.

पहिले देणे सुकाणूचे होते. ताशी पन्नास-साठच्या वेगाला एखादा खड्डा लागला की पुढची चाके थडथडू लागत आणि सुकाणू हातात धरवत नसे. कार्यशाळेने यावर सुकाणूला डॅम्पर बसविण्याचा उपाय सुचविला होता. मिस्त्रींनी चाक उचलून वरून व खालून धरले आणि हलविले. ते टकटक वाजले. किंगपिनची बेअरिंगे झिजली होती. डॅम्परने ती थरथर झाकली गेली असती आणि झीज आतल्या आत वाढत राहिली असती. नवी बेअरिंगे, योग्य जाडीच्या शिम आणि नवे सील बसले आणि थरथर थांबली. डॅम्परची नोंद यादीतून खोडली गेली.

दुसरे देणे पाण्याचे. मागच्या डिफरन्शियलचे तेल काढले तेव्हा ते दुधाळ निघाले. ओढ्यातून जाताना तापलेले डिफरन्शियल थंड पाण्यात एकदम निवते, आतली हवा आकसते आणि सील किंवा ब्रीदरच्या वाटेने पाणी आत ओढले जाते. स्नॉर्कल इंजिनाच्या तोंडात पाणी जाऊ देत नाही हे खरे, आणि ते जाऊ न देणे महत्त्वाचेही आहे, कारण सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. परंतु आसातील तेल, बेअरिंगे आणि डिस्ट्रिब्युटर यांचे रक्षण स्नॉर्कल करीत नाही. मिस्त्रींनी सील बदलले आणि ब्रीदरना रबरी नळ्या जोडून त्यांची तोंडे उंच नेली. यादीतील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल हाच ठरला. यादीत तो नव्हताच.

तिसरे देणे गंजाचे. कोकणात उतरणाऱ्या गाडीच्या चॅसीला बाहेरून रंग असतो, पण पोकळ पोलादाच्या आत ओली माती साचून राहते. लहान हातोडीने चॅसीवर टिचकी मारीत मिस्त्री इंचाइंचाने पुढे सरकले. निरोगी पोलाद खणखणते, कुजलेले बद्द वाजते. मागच्या शॅकलच्या पकडीजवळ आवाज बदलला. तिथला कुजका पत्रा कापून नवी पट्टी वेल्ड केली, पाणी निचरण्याची बुजलेली भोके मोकळी केली. दर पावसाळ्यानंतर गाडीचे पोट धुवायचे, हा नियम खतावणीच्या पहिल्या पानावर गेला.

चौथे देणे न वापरण्याचे. चारचाकी ताकदीचा दांडा कित्येक वर्षांत हलविला नव्हता, तो आखडला होता. तेल-ग्रीस झाल्यावर तो मोकळा झाला. महिन्यातून एकदा तो वापरावा, परंतु मातीवर, कोरड्या डांबरावर नव्हे, हेही मुलाने लिहून ठेवले. वळताना पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापीत नाहीत. तो फरक सामावून घेणारी सोय जिप्सीच्या मध्ये नाही. मातीवर चाक थोडे घसरून सुटते, डांबरावर मात्र सगळी ओढाताण गिअर आणि शाफ्ट यांच्यावर येते.

देणी फिटल्यावर नवे भांडवल किती लागले, ते पाहण्यासारखे आहे. टायर २१५/७५ आर १५ मापाचे घेतले. व्यासात वाढ ३६ मिलिमीटर, आसाखाली १८. गिअर पाच टक्क्यांनीच जड झाले आणि उंची न वाढविता टायर मोकळे फिरले. विंच घेतला नाही. त्याऐवजी चॅसीला पक्के बोल्ट केलेले ओढहूक, ताण सोसणारा रुंद पट्टा, दोन दणकट शॅकल, फावडे आणि टायरमध्ये हवा भरण्याचा छोटा पंप घेतला. चिखलात हवा १८ पौंडांपर्यंत उतरविली की टायर पसरतो व पकड वाढते. डांबरावर येताच ती पुन्हा भरायची. पट्टा बंपरला बांधायचा नाही, आणि ओढ चालू असताना पट्ट्याच्या लांबीहून दूर उभे राहायचे, कारण ताणाखाली सुटलेला हूक गोळीसारखा येतो.

कायद्याची बाजूही पाहिली गेली. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार वाहनाच्या मूळ घडणीशी विसंगत बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. या गाडीचे पुढचे नूतनीकरण २०२८ साली आहे. म्हणून इंजिन, चॅसी व बांधा आहे तसाच ठेवला, टायरच्या मापाची विचारणा आधी केली, आणि समोर बसविलेला जुना लोखंडी क्रॅश गार्ड काढून टाकला.

आज ही गाडी पावसाळ्यात बाहेर पडते. एकटी जात नाही, सोबत दुसरी गाडी असते. ती ओढ्याच्या पात्रातून हिंडत नाही. जिथे वाट ओढा ओलांडते तिथेच उतरते, आणि उतरण्यापूर्वी कुठे तेल गळत नाही ना, हे पाहिले जाते, कारण गळलेले तेल खाली पाणी पिणाऱ्या गुरांपर्यंत आणि पाण्यातील जीवांपर्यंत जाते. श्रावण-भाद्रपदात फुलणाऱ्या सड्यांवर चाक घातले जात नाही.

खतावणी दुकानातील इतर वह्यांच्या रांगेत असते. तिच्यात सध्या तीन कामे बाकी आहेत: पुढच्या ब्रेकच्या डिस्क पातळ झाल्या आहेत, दुसरा गिअर थंडीत खरखरतो, आणि टपावरचे दिवे. पहिली दोन मिरगापूर्वी उरकायची आहेत. तिसऱ्यासमोर अण्णांच्या अक्षरात लिहिले आहे: “अल्टरनेटर व वायरिंग तपासून.”