घर घेऊन यलोस्टोनला

फिफ्थ व्हील ट्रेलर घेऊन यलोस्टोनला निघालात? मग आमच्या अनुभवाच्या चार गोष्टी ऐका. ट्रेलरचा साधारण पाचवा हिस्सा भार पिकअपवर येतो, म्हणून सामान भरूनच काट्यावर वजन करावे. हिच लावली की ट्रेलरचे ब्रेक दाबून गाडी हलकेच ओढून बघावी, मगच पुढचे टेकू वर घ्यावेत. टीटन पासला १० टक्के उतार आहे. तिथे खालचा गिअरच हवा, नाहीतर ब्रेक तापतात. आजी-आजोबा कितीही दमले तरी चालत्या ट्रेलरमध्ये त्यांना झोपवू नये.

फिशिंग ब्रिजला अस्वलांमुळे तंबूंना मनाई आहे. आम्ही फोडणी आतच देतो, खरकटे बाहेर ठेवत नाही. मुलांनाही बजावून ठेवा, अस्वलापासून १०० यार्ड लांब! आणि हो, आरक्षण लवकर करा बरं का!