अंथरूण पाहून

पौष पौर्णिमेला म्हशाला म्हसोबाची यात्रा भरते. मुरबाडहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे आमचे हे गाव एरवी तालुक्याबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. यात्रेच्या दिवसांत मात्र बैलबाजाराच्या निमित्ताने दूरदूरची माणसे येथे मुक्कामाला येतात. बैलांइतकीच ही यात्रा घोंगड्यांसाठीही ओळखली जाते. घोंगडीवाल्यांच्या रांगेतून हिंडताना लोकरीचा आणि चिंचोक्याच्या खळीचा उग्र वास लहानपणी नाकात बसे, तो यात्रा उठल्यानंतरही बरेच दिवस जात नसे. दादा, म्हणजे माझे वडील, घोंगडी घेताना घाई करीत नसत. ती उजेडाकडे धरून वीण पाहत, काठ ओढून पाहत, गालाला लावत आणि शेवटी सरळ जमिनीवर अंथरून तिच्यावर आडवे होत. विकणारा हसे, मी ओशाळून दुसरीकडे पाही. दादा म्हणत, "निजायची वस्तू उभ्याने कशी घ्यायची?"

पुढे मी नोकरीसाठी कल्याणला राहू लागलो. वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, जानेवारी महिन्यात, कार्यालयातील तीन मित्रांसह गोरखगडावर मुक्कामाला जाण्याचे ठरले. गडाची वाट म्हशावरून देहरीला जाते, म्हणून आम्ही वाटेत घरी थांबलो. माझ्या पाठीवर नवी कोरी स्लीपिंग बॅग होती. निळी, चकचकीत, गुंडाळली की उशीएवढी होणारी. दादांनी आतून घोंगडी आणून माझ्यापुढे धरली. "वर वारा लागतो. ही ने." मित्रांसमोर ते काळे, जाडेभरडे ओझे उचलण्याची मला लाज वाटली. "दादा, असले आता कोणी नेत नाही," असे मी म्हणालो. त्यांनी घोंगडीची पुन्हा नीट घडी घातली आणि ती आत नेऊन ठेवली.

गोरखगडाची गुहा ज्यांनी पाहिली असेल त्यांना तिचे खांब, शेजारची पाण्याची टाकी आणि समोर उभा ठाकलेला मच्छिंद्रगडाचा सुळका आठवेल. दिवसा ती जागा सोडवत नाही. रात्री मात्र कातळाने आपला स्वभाव दाखविला. माझ्या पिशवीवर शून्य अंश असा आकडा छापलेला होता आणि त्या रात्री तेथे शून्याच्या जवळपासही थंडी नव्हती. तरीही पहाटेपर्यंत माझी पाठ गोठत राहिली. आमच्यातील एकाची अवस्था तर अधिकच वाईट झाली. चढताना घामाने भिजलेला सुती बनियन त्याने बदलला नव्हता. दोनच्या सुमारास त्याला इतकी हुडहुडी भरली की, दात वाजत असल्यामुळे त्याचे बोलणे कळेना आणि बुटाची नाडीही त्याला बांधता येईना. आम्ही त्याचे ओले कपडे काढले, कोरडा सदरा घातला, रिकाम्या केलेल्या पाठपिशव्या त्याच्याखाली सरकविल्या, गुळाचे गरम पाणी पाजले आणि दोन बाजूंनी त्याला चिकटून बसून राहिलो. उजाडले तेव्हा चौघांपैकी कोणीच बोलत नव्हते.

परतताना दुपारी घरी आलो. दादांनी विचारले, "झोप लागली का रे?" मी म्हणालो, "छान लागली." त्यांनी माझ्या डोळ्यांकडे एकदा पाहिले आणि ते गोठ्याकडे गेले. मराठीत लांबणीवर पडलेल्या गोष्टीला भिजत घोंगडे म्हणतात. खरे काय ते सांगण्याचे माझे घोंगडे त्या दिवसापासून भिजत पडले ते पडलेच. सहा वर्षांनी दादा गेले.

त्या रात्री नेमके काय चुकले, हे समजून घेण्यात माझी नंतरची काही वर्षे गेली. कोणतेही पांघरूण स्वतः ऊब निर्माण करीत नाही. ऊब शरीराची असते आणि पांघरूण केवळ तंतूंमध्ये हवा कोंडून ती जाऊ देत नाही. आपण पिशवीत निजतो तेव्हा अंगाखालचा थर आपल्याच वजनाने चेपला जातो, त्यातील हवा निघून जाते आणि खालचा कातळ अंगातील ऊब शोषू लागतो. म्हणून पिशवीइतकेच महत्त्व खाली अंथरायच्या मॅटला असते. आम्ही एकही मॅट नेली नव्हती. पिशवीवरच्या आकड्याचा घोळ निराळाच. आज चांगल्या पिशव्यांवर आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार तीन तापमाने दिलेली असतात. पहिल्या तापमानात स्वस्थ झोप लागते. दुसऱ्यात अंगाचे मुटकुळे करून रात्र निभावते. तिसऱ्यात जीव वाचतो, एवढेच. झोप त्यात गृहीत नाही. हे तिन्ही आकडेसुद्धा खाली मॅट आणि अंगात कोरडे कपडे आहेत असे धरून काढलेले असतात. विक्रेता बहुधा तिसरा आकडा मोठ्याने सांगतो. आपण पहिला वाचावा.

स्लीपिंग बॅगच्या पूर्वजांपैकी एक म्हणजे घडी घालून बंद करता येणारा लोकरी रगच होता, हेही मला पुढे वाचनात आढळले. वेल्समधील प्राइस-जोन्स या व्यापाऱ्याने 1876 साली त्याचे पेटंट घेतले होते. म्हणजे जिला मी मागासलेली समजून नाकारले, ती घोंगडी त्या निळ्या पिशवीची दूरची नातेवाईकच निघाली. लोकरीचा एक गुण तर आजही थोड्या वस्तूंत सापडतो. दमट झाली तरी ती बरीचशी ऊब राखते. उलट पक्ष्यांच्या मऊ पिसांनी भरलेली महागडी पिशवी भिजली, की पिसे चिकटून बसतात आणि तिचा उपयोग संपतो.

गेल्या वर्षी माझ्या मुलीने उत्तराखंडातील केदारकंठा येथे जाण्याचे ठरविले. उंची सुमारे 3,800 मीटर, काळ डिसेंबरचा आणि मुक्काम बर्फावर. ती म्हणाली, "बाबा, मी आजोबांची घोंगडी नेणार." मला क्षणभर फार बरे वाटले आणि लगेच भीती वाटली. आम्ही घोंगडी काट्यावर ठेवली. तीन किलोंच्या वर भरली. उणे तापमानात ती एकटी पुरणार नव्हती आणि पाठीवर तेवढे वजन घेऊन बर्फ चढणेही शहाणपणाचे नव्हते. पूर्वी लाजेपोटी नाकारलेली वस्तू या वेळी हिशेबाने नाकारायची होती. तिला नाही म्हणताना गोरखगडाची सगळी हकीकत मी प्रथमच सांगितली, दादांशी खोटे बोललो त्यासह. ती ऐकून घेऊन म्हणाली, "आजोबांना कळलं असणारच."

मग खरेदी झाली. बूट संध्याकाळी घेतले, कारण दिवसभरात पाय किंचित सुजतात. पाठपिशवी वजन भरून पाहिली. भार खांद्यांवर न येता कमरपट्ट्यावर यावयास हवा. लोकरी मोजे, डोक्याला बांधायची विजेरी, मॅट. यांत विशेष सांगण्यासारखे काही नाही. पिशवीपाशी मात्र आम्ही तासभर होतो. कृत्रिम तंतूंची घेतली. ती पिसांच्या पिशवीहून जड असते, पण ओल सोसते आणि आमच्या ऐपतीत बसत होती. पहिला आकडा उणे पाच होता. अंथरूण पाहून पाय पसरावे, हे खर्चापुरते खरे. येथे पाय पाहून अंथरूण घ्यावे लागते. पिशवी आखूड असली तर पावलांनी तिचा तळ ताणला जातो आणि थंडी नेमकी तेथूनच शिरते. मुलीने दुकानातच पिशवी जमिनीवर पसरली, आत शिरली आणि चेन गळ्यापर्यंत ओढून डोळे मिटले. येणारे-जाणारे पाहत होते. या वेळी मी दुसरीकडे पाहिले नाही.

नवी वस्तू आधी घरी वापरून पाहावी, म्हणून निघण्यापूर्वी एक रात्र आम्ही म्हशाच्या घरी पडवीत झोपलो. तिने घोंगडी खाली अंथरली आणि वर पिशवी. मध्यरात्री चेन उघडल्याचा आवाज आला.

"काय गं, अडकली का?"

"नाही बाबा, उकडतंय. आपल्या थंडीला ही पिशवी फार होते."

अंधारात थोडी उलथापालथ झाली. सकाळी मी उठलो तेव्हा पिशवी पडवीच्या कठड्यावर वाळत घातल्यासारखी लोंबत होती. मुलगी घोंगडीत डोक्यावरून गुरफटून निजली होती आणि काठाबाहेर तिचे फक्त मोजे दिसत होते.