गाडीचे गुडघे बदलायचेत? चला नाना पेठेत!

पुण्यातली वीकएंडची ठिकाणं आपल्याला पाठ असतात. एफसी रोड, कॅम्प, कोरेगाव पार्क, फारच उत्साह असेल तर सिंहगड. या लिस्टमध्ये नाना पेठ कधीच नसते. लक्ष्मी रोड जिथे संपतो (किंवा सुरू होतो, तुम्ही कुठल्या बाजूचे आहात त्यावर!) त्या क्वार्टर गेटच्या आसपासचा हा भाग. रिक्षावाले, गॅरेजवाले आणि जुन्या गाडीवर जीव असणारे यांना विचाराल, तर पुण्यात यापेक्षा महत्त्वाची पेठ नाही. क्लच प्लेट, केबल, फिल्टर, बेअरिंग, हॉर्न... चाकं असलेल्या जवळजवळ कुठल्याही वस्तूचा जवळजवळ कुठलाही अवयव इथे मिळतो.

पेठ नाना फडणवीसांच्या नावाची. आषाढी वारीत तुकोबांची पालखी मुक्कामाला असते ते निवडुंग्या विठोबाचं देऊळही इथलंच. एरवी ऑइलचा आणि नव्या रबराचा वास मारणाऱ्या गल्ल्या तेव्हा टाळ-मृदंगानं भरून जातात. बाकी वर्षभर इथला गजर एकच, 'मॉडेल कुठलं? साल कुठलं?'

माझं उत्तर होतं, 'मारुती झेन, 2003.'

बाबांची गाडी, आता माझ्याकडे आलेली. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत री-रजिस्ट्रेशन, मग दर पाच वर्षांनी पुन्हा तेच, वर ग्रीन टॅक्स. हे सगळे सोपस्कार ती इमानेइतबारे पार पाडत आलीय. इंजिन अजून टकाटक. पण स्पीडब्रेकरवर पुढून 'खट्' आवाज यायला लागला आणि सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग डावीकडे ओढायला लागलं. महिन्यातून एकदा आई-बाबांना घेऊन आम्ही वाईला जातो. गॅरेजवाल्या दादांनी गाडी जॅकवर घेतली, पुढचं चाक वर-खाली हलवून पाहिलं आणि म्हणाले, 'ताई, एवढं झाल्याशिवाय हिला खंबाटकीत नेऊ नका.' लोअर आर्मचा बॉल जॉइंट सैल, टाय रॉड एंडला प्ले, एक शॉकअप गळतोय.

मित्रमंडळींचा सल्ला तयारच होता. वीक भंगारात, ईएमआयवर नवी घे! माझ्यापुढचा प्रश्न मात्र साधा होता. झेनचं उत्पादन 2006 मध्ये बंद झालंय, मग तिचे पार्ट्स निवडायचे कसे? कुठल्या खोक्यावर विश्वास ठेवायचा?

जुना पार्ट, हाच पासपोर्ट

नाना पेठेतला पहिला धडा म्हणजे रिकाम्या हातानं जायचं नाही. मी गेले तेव्हा काउंटरवरच्या काकांनी गाडीचं नाव ऐकून घेतलं आणि लगेच विचारलं, 'जुना आणलाय?' पिशवीतून काळाकुट्ट टाय रॉड एंड काढून दिला. त्यांनी अंगठ्यानं त्याचा बॉल हलवला. तो इतका सहज फिरला, की पुढे काही बोलायची गरजच पडली नाही. मग आटे पाहिले, लांबी पाहिली आणि पाठीमागच्या फडताळातून नेमकं खोकं काढलं.

जुना पार्ट का लागतो? कारण 'झेन' ही एक गाडी नाहीच! 1993 मध्ये आलेल्या या मॉडेलमध्ये तेरा वर्षांत बरेच बदल झाले. साधं स्टेअरिंग वेगळं, पॉवर स्टेअरिंग वेगळं. डिझेल झेनमध्ये तर प्यूजोचं जड इंजिन होतं. शिवाय नंतर आलेली झेन एस्टिलो ही नाव सोडलं तर संपूर्ण वेगळी गाडी. म्हणजे 'झेनचे शॉकअप द्या' म्हणणं हे हॉटेलात जाऊन 'जेवण द्या' म्हणण्यासारखं झालं.

ऑनलाइन मागवणाऱ्यांसाठी आणखी एक गंमत. आपली झेन युरोपात सुझुकी ऑल्टो या नावानं विकली जायची. त्यामुळे परदेशी कॅटलॉगमधली नव्वदच्या दशकातली 'ऑल्टो' म्हणजे आपली झेन, आपली ऑल्टो नव्हे! नावावर जाऊ नका, पार्ट नंबरवर जा. सुझुकीच्या नंबरात पहिले पाच आकडे पार्ट कुठला ते सांगतात आणि पुढचे आकडे-अक्षरं तो कुठल्या मॉडेलचा ते.

तीन खोकी, तीन भाव

काकांनी काउंटरवर तीन खोकी मांडली. अख्ख्या पेठेचं अर्थशास्त्र त्या तीन खोक्यांत होतं.

पहिलं खोकं गाडीच्या कंपनीचं, 'जेन्युइन'. सगळ्यात महाग. दुसरं पार्ट बनवणाऱ्या कंपनीचं. कारण गाडीची कंपनी प्रत्येक नट-बोल्ट स्वतः थोडाच बनवते! शॉकअपमधलं जुनं नाव म्हणजे गॅब्रिएल इंडिया. 1961 पासूनची कंपनी, चाकणला कारखाना, म्हणजे आपल्या घरचीच. स्टेअरिंगच्या सांध्यांमध्ये चेन्नईच्या राणे ग्रुपचं नाव मोठं. असे सप्लायर गाडीच्या कंपन्यांनाही माल देतात आणि स्वतःच्या खोक्यात घालून बाजारातही विकतात. अनेकदा दर्जा तोच आणि भाव कमी. फंडा एवढाच! तिसरं खोकं 'लोकल'. चकचकीत छपाई, कधी न ऐकलेलं नाव, किंमत निम्म्याहून कमी.

चौथाही एक प्रकार असतो, पण तो कुणी काउंटरवर मांडत नाही. पहिल्या दोघांची नक्कल. म्हणून लेबल वाचायची सवय लावा. एमआरपी, उत्पादकाचा पत्ता, पॅकिंगचा महिना आणि वर्ष हे सगळं छापलेलं असायला हवं. होलोग्राम असेल तर तो फाडलेला नको. आणि पक्कं बिल मागा. बिल म्हटल्यावर ज्याचा चेहरा पडतो, त्याचा पार्ट घ्यायचा नाही.

पॅकिंगची तारीख आणखी एका कारणासाठी बघायची. रबर पडून पडूनही म्हातारं होतं. बंद झालेल्या मॉडेलचा 'जुना ओरिजनल स्टॉक' म्हणून कुणी बुश देत असेल, तर आधी नखानं दाबून पाहा. कडक झालेला किंवा बारीक चिरा पडलेला बुश कितीही ओरिजनल असला तरी उपयोगाचा नाही.

कुठे वाचवायचं, कुठे नाही

बजेट तर प्रत्येकाचंच असतं. मग कात्री कुठे लावायची? काकांचं लॉजिक मला सॉलिड पटलं. पार्ट महाग की स्वस्त हे नंतर बघायचं. आधी विचारायचं, हा पार्ट तुटला तर काय होईल?

बॉल जॉइंट तुटला तर चाक आडवं पडतं. टाय रॉड एंड निसटला तर तुमच्या हातात स्टेअरिंग असतं, पण त्या चाकाला ते कळतच नाही. हे दोन पार्ट म्हणजे गाडीचे गुडघे आणि मनगटं. इथे 'लोकल' हा शब्दच काढायचा नाही. गंमत म्हणजे टाय रॉड एंड तसा काही शे रुपयांचा पार्ट. त्यात वाचवून वाचवणार किती? झेनसाठी मी लोअर आर्मची जोडी बॉल जॉइंटसकट घेतली. काही गाड्यांत बॉल जॉइंट सुटाही मिळतो. तो घ्यायचा तर जुन्या आर्मला गंज किंवा वाक नाही ना, हे आधी बघून घ्यायचं.

शॉकअपचं काय? अनेकांना वाटतं, शॉकअप म्हणजे फक्त आराम. खराब झाला तर थोडे हादरे बसतील, एवढंच. झेनसारख्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरनं 1940 च्या दशकात ही रचना पुढे आणली आणि लहान गाड्यांनी ती उचलून धरली, कारण ती सुटसुटीत आणि स्वस्त आहे. यात शॉकअप नुसता हादरे गिळत नाही, चाकाला उभं धरायचं कामही तोच करतो. म्हणजे तो गेला की ब्रेक मारताना गाडी नाक खुपसते, वळणावर झुकते आणि टायर वेडेवाकडे झिजतात. म्हणून पुढचे शॉकअप चांगल्या कंपनीचेच, आणि जोडीनंच बदलायचे. एक नवा, एक जुना म्हणजे एका पायात स्पोर्ट्स शूज आणि एका पायात चप्पल! शॉकअप बदलताना वरचं माउंटिंग, बंप स्टॉप आणि डस्ट कव्हरही पाहून घ्या. ते खोलायची मजुरी नाहीतर दोनदा द्यावी लागते.

मग वाचवायचं कुठे? स्टॅबिलायझर बारचे बुश हे तुलनेनं कमी जोखमीचं खातं. गेले तर खडखड वाढते, गाडी थोडी जास्त झुकते, पण चाक हातातून जात नाही. इथे दुसऱ्या खोक्यातला चांगला माल पुरेसा आहे, जेन्युइनचाच हट्ट नको. आणि सगळ्यात मोठी बचत म्हणजे न लागणारा पार्ट न घेणं. स्टेअरिंगमध्ये प्ले आला की 'अख्खा रॅकच बदला' असं सांगणारे भेटतात. आधी टाय रॉडचे बाहेरचे आणि आतले सांधे तपासायला सांगा. बऱ्याचदा गुन्हेगार तिथेच सापडतो आणि रॅक निर्दोष सुटतो.

जुन्या बाजाराची हद्द

नाना पेठेतून मंगळवार पेठेतला जुना बाजार फार लांब नाही. बुधवारी आणि रविवारी भरतो. पाने, जॅक, घड्याळं, नाणी, कुणाच्या तरी आजोबांचा कॅमेरा... फोटोग्राफर मंडळींची ही फेव्हरिट जागा. जुन्या गाडीवाल्यांचीही! आरसा, दाराचं हँडल, व्हील कॅप अशा बाजारातून शोधून आणण्यात वेगळीच मजा आहे.

पण सस्पेन्शन आणि स्टेअरिंगसाठी जुन्या बाजाराचं दार बंद. दाराचं हँडल किती वर्षं वापरलंय यानं फरक पडत नाही. बॉल जॉइंटच्या पोटात किती झीज झालीय, हे बाहेरून दिसत नाही. शिवाय तो ज्या गाडीतून निघाला ती भंगारात का गेली, हे कोण सांगणार? रंग मारून, ग्रीस भरून कुठलाही सांधा तरुण दिसतो.

निम्मं काम पान्याचं

चांगला पार्ट घेतला की झालं, असं नाही. तो बसवतो कोण आणि कसा, यावर त्याचं आयुष्य ठरतं. माझ्या गॅरेजवाल्या दादांनी लोअर आर्मचे बोल्ट आधी नुसते अडकवले आणि गाडी जमिनीवर टेकवून चाकांवर वजन आल्यावरच शेवटचे आवळले. का? गाडी हवेत असताना आवळले, तर खाली आल्यावर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. तसंच टाय रॉड एंड काढताना त्यांनी किती आटे फिरवले ते मोजलं, म्हणजे नवा साधारण त्याच जागी बसतो. स्प्लिट पिन नवी घातली. पाच रुपयांची वस्तू, पण नट सैल होऊ न देणारी तीच!

यानंतर व्हील अलाइनमेंट. ती 'जमलं तर करू' या सदरातली गोष्ट नाही. सांधे बदलले की चाकांचे कोन बदलतात, आणि तसंच चालवलं तर नव्या टायरची कड बघता बघता साफ होते.

माझं सगळं मिळून बिल नव्या हॅचबॅकच्या जेमतेम एका ईएमआयएवढं झालं. 'खट्' आवाज गेला, स्टेअरिंग सरळ झालं. पुढच्या वाईच्या फेरीत आई मागच्या सीटवर शिरवळच्या आधीच झोपली. यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नाही!

सगळ्याच जुन्या गाड्यांवर एवढा खर्च करावा, असं नाही. पत्रा आणि चॅसीच सडली असेल, तर नवे गुडघे बसवून उपयोग काय? पण अंग धडधाकट असेल, तर 'पार्ट मिळत नाहीत' हे गाडी विकायचं कारण होऊ देऊ नका. आधी नाना पेठेत चक्कर मारा. फक्त एक लक्षात असू द्या. फडताळातली ती खोकी मागणीवर टिकून आहेत आणि कुठलं खोकं कुठल्या गाडीचं, हे त्या काकांच्या डोक्यात आहे. रस्त्यावरच्या झेन कमी होतील तशी फडताळंही बदलतील. तुमच्या गाडीला दोन-तीन वर्षांत लागणारच आहे असं काही दिसत असेल, तर विचारणा आत्ताच करा.

जाण्याआधी

* बुधवार बेस्ट. पेठ आणि जुना बाजार दोन्ही एका फेरीत.
* गाडी नेऊ नका, पार्किंग म्हणजे परीक्षा. रिक्षानं जा.
* जुना पार्ट पिशवीत, आरसी बुकचा फोटो मोबाइलमध्ये.
* निदान तीन दुकानांत भाव विचारा. खोकं कुठल्या कंपनीचं, हेही लिहून घ्या, नाहीतर तुलना कशाची करणार?
* पार्ट घेताना बॉल हातानं हलवून पाहा. नवा सांधा घट्ट आणि एकसारखा फिरायला हवा. रबरी बूट फाटलेला असेल तर तिथेच परत करा.
* बदललेले जुने पार्ट गॅरेजमधून मागून घ्या. काय बदललं, याचा तोच पुरावा!