पाणबुडा भाचा मुंबई बेटावर

मुंबई हे बेट आहे, याचा खुद्द मुंबईकरालाही विसर पडतो. एके काळी इथे सात बेटे होती. भराव घालून घालून त्यांचे एक झाले. बेटावर गेलेला माणूस पाण्यात उतरतो, पोटभर जेवतो आणि रात्री हिंडतो. माझा भाचा तारकर्लीचा. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या समुद्रात तो पाहुण्यांच्या पाठीवर हवेची टाकी बांधतो आणि त्यांना खाली नेऊन मासे व प्रवाळ दाखवतो. याला स्कूबा म्हणतात. पावसाळ्यात हे काम बंद असते, म्हणून मे अखेरीस तो परळला माझ्याकडे आला. त्याला मी आमचे बेट दाखवायला निघालो.

टॅक्सीने हाजीअलीहून सागरी रस्त्याला लागलो. २०२४ साली खुला झालेला तिथला बोगदा सुमारे दोन किलोमीटरचा. मलबार हिल आणि समुद्र यांच्या खालून जातो. आत शिरताच भाच्याने सवयीने नाक चिमटीत धरले! पाण्यात दर दहा मीटरला, म्हणजे तेहतीस फुटांना, हवेच्या एका वातावरणाइतका दाब वाढतो. कान दुखतात, ते फुंकर मारून मोकळे करावे लागतात. श्वास मात्र कधी कोंडायचा नाही. वर येताना छातीतली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. हे सारे त्याने सांगेपर्यंत आम्ही कोरडेच बाहेर आलो.

गिरगाव चौपाटीवर त्याने पाण्यात पाय घातले आणि म्हणाला, “मामा, हंय बुडी मारली तर माका माझोच हात दिसाचो नाय!” खरेच आहे. गाळ आणि शहराचे सांडपाणी, नितळ राहील कसे? शेजारच्या तारापोरवाला मत्स्यालयात निदान मासे दाखवले असते. १९५१ पासून गावाकडची मंडळी तिथे हमखास जात, पण तेही बंद झाले.

मग लालबाग. मसाला गल्लीत पावसाआधीची शेवटची घाई होती. बेडगी रंगासाठी, लवंगी तिखटासाठी, संकेश्वरी चवीला. मिरची निवडायची, भाजायची आणि डोळ्यांसमोर डंकावर कुटून घ्यायची. आपल्या शेतातली मिरची इथे काय भावाने जाते, हे शेतकऱ्याने एकदा उभे राहून बघावे. बहिणीसाठी दोन किलो मसाला केला. शिंकून शिंकून बेजार झालो.

जेवायला परळच्या एका खानावळीत बसलो. बांगड्याची तिरफळे घातलेली कढी आणि भात. वाढणाऱ्या बाईंच्या सासूबाई गिरणी कामगारांना जेवू घालत. अशा खानावळवाल्या बायका सावकाराच्या कर्जात पिचत होत्या. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभारले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. जेवणारे कामगार मात्र पुढे राहिले नाहीत. माझे वडील इथल्या एका गिरणीत साचे चालवत. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. वडील गावी गेले ते कायमचेच.

बहिणीने मला बजावले होते, “दादा, पाण्यातली नोकरी काय खरी! त्याला तिकडेच कुठे तरी चिकटव.” एका उंच इमारतीत रखवालदाराची जागा मी बघूनही ठेवली होती. इमारत त्याच गिरणीच्या जागेवर. भाचा मान वर करून बघत राहिला. “हंय आजो कामाक होतो?” पगार किती, ड्युटी किती तास, खोलीचे भाडे किती, एवढे त्याने विचारले आणि गप्प झाला.

रात्री दादरला शिवाजी मंदिरात नाटक. १९६५ पासूनचे हे नाट्यगृह. मध्यंतरात बटाटेवडा खाल्ल्याशिवाय नाटक बघितल्यासारखे वाटत नाही. त्यानंतर घरी जाऊन पाठ टेकली, पण भाच्याने तीनलाच उठवले.

पहाटे चारला दादर स्टेशनजवळ फुलबाजार भरला होता. झेंडूच्या गोणी, शेवंती, मोगऱ्याच्या पाट्या, हमालांची धावपळ. आमच्यासारख्यांना वाट सोडायला कुणी ओरडले की कडेला व्हायचे. भाच्याने पिशवी खांद्यावर टाकली. “मामा, गाडयेची वेळ झाली. तरवो पेरूचो हा. सप्टेंबरात दर्या खुलो होता, तवा तू ये. मी तुका खाली नेतंय.”

गाडी कुडाळकडे सुटली. बहिणीला फोन केला, म्हटले, “मसाला पाठवलाय. पोरगाही पाठवलाय.” ती बराच वेळ बोलली नाही. मग मसाल्याचे पैसे किती झाले ते विचारू लागली.